दंड भरले, दम कमी पडला: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा वाचायला मिळाली. व्यायामशाळेत जाऊन अंग भरले, पण धावताना, गड चढताना किंवा मैदानात उतरल्यावर धाप लागते, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. उलट बाजूची काही पत्रेही आहेत. चालण्याची सवय आहे, पण वजन उचलायची भीती वाटते. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे वाचण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की स्नायू आणि दमसास यांचे जन्मजात वैर नाही. दोघांनाही वेळ, खुराक आणि झोप लागते, आणि ती एकाच शरीराला पुरवायची असते. भांडण होते ते या वाटणीवरून.

प्रश्न: मी 22 वर्षांचा असून पोलीस शिपाई भरतीची तयारी करत आहे. वर्षभर जिममध्ये मेहनत घेऊन वजन 62 वरून 71 किलो झाले. गोळा पूर्वीपेक्षा बराच लांब जातो. मात्र 1600 मीटरला पूर्वी 5 मिनिटे 35 सेकंद लागत, तेथे आता 6 मिनिटे 20 सेकंद लागतात. धावणे सध्या आठवड्यातून एकदाच होते. मैदानावरचे मित्र म्हणतात, जिम सोडून दे. काय करावे? (एक वाचक, परभणी)

उत्तर: जिम सोडू नका, पण पुढचे बारा आठवडे तिला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 1600 मीटरला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण आहेत. 7.26 किलोचा गोळा आणि 100 मीटरची धाव या दोन्ही गोष्टी स्फोटक ताकदीच्या आहेत, आणि ती ताकद तुम्ही वर्षभर घाम गाळून कमावली आहे. मित्रांचे ऐकून वजने पूर्ण बंद केली तर 20 गुणांच्या मागे लागून 30 गुणांचा पाया खचेल.

आता वेळ का वाढला ते पाहू. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावर 1600 मीटरची धाव मुख्यतः अवलंबून असते, आणि धावताना हा आकडा शरीराच्या प्रत्येक किलोमागे मोजावा लागतो, कारण प्रत्येक किलो तुम्हालाच वाहून न्यायचा असतो. समजा, तुमची क्षमता मिनिटाला 3.1 लिटर आहे. 62 किलो वजनाला ती किलोमागे 50 मिलिलिटर पडत होती. क्षमता तेवढीच राहून वजन 71 झाले की ती 44 च्या आसपास येते. हृदय आणि फुप्फुसे बिघडलेली नाहीत, त्यांच्यावरचे ओझे वाढले आहे. त्यातच धावणे आठवड्यातून एकदाच होत असल्यामुळे ती 3.1 लिटरची क्षमताही थोडी घटली असणार. वाढलेले वजन लगेच उतरवता येत नाही आणि उतरवूही नये. पण घटलेली क्षमता परत मिळवता येते आणि तिला आणखी वरही नेता येते.

दुसरी गोष्ट धावण्याच्या पद्धतीची. भरतीची मुले मी क्रीडा संकुलाच्या 400 मीटरच्या मैदानावर पहाटे नेहमी पाहतो. पहिली फेरी ती अशी मारतात की जणू 100 मीटरचीच शर्यत आहे. दुसऱ्या फेरीत वेग उतरतो. तिसऱ्या फेरीच्या वळणावर खांदे कानांपर्यंत चढतात, मुठी आवळल्या जातात, हात पुढे-मागे हलण्याऐवजी छातीसमोर आडवे फिरू लागतात आणि टाचा जमिनीवर आपटल्याचा आवाज कठड्यापर्यंत ऐकू येतो. तेथे गेलेले सेकंद चौथ्या फेरीत परत मिळत नाहीत. पूर्ण 20 गुणांसाठी 5 मिनिटे 10 सेकंदांची वेळ लागते, म्हणजे प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांची. तुमची आजची सरासरी 95 सेकंदांची आहे. हे अंतर एका उडीत कापायचे नाही. आधी चारही फेऱ्या 92 सेकंदांत, एकसारख्या, मारायला शिका. घड्याळ मित्राच्या हातात द्या आणि प्रत्येक फेरीला आकडा ओरडून सांगायला लावा.

आठवड्याची मांडणी अशी ठेवा. सोमवारी पायांची वजने: स्क्वॉटचे, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठकांचे, पाच-पाच आवर्तनांचे चार सेट, मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी डेडलिफ्टचे, म्हणजे जमिनीवरून वजन उचलण्याचे, तीन सेट, आणि बस्स. मंगळवारी पूर्ण विश्रांती किंवा फक्त अंग मोकळे करणे, कारण जड पायांनी वेगाचा सराव करून नडग्या दुखवून घेण्यात काही हशील नाही. बुधवारी 400 मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी 88 ते 90 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटे चालत. दर दोन आठवड्यांनी दोन-दोन सेकंद कमी करत जा. गुरुवारी वरच्या अंगाची वजने. शुक्रवारी 35 ते 40 मिनिटे अगदी सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगाने धावायचे. याच दिवसाची मुलांना लाज वाटते आणि तो वगळला जातो, पण दमसासाचा पाया तेथेच घातला जातो. शनिवारी गोळा, 60 मीटरच्या पाच-सहा धावा आणि त्यानंतर संपूर्ण शरीराची थोडी वजने. रविवारी झोप काढा. धावणे शक्यतो मातीच्या मैदानावर करा, डांबरी रस्त्यावर नको. नऊ किलो वजन वाढलेल्या पायांची हाडे आणि शिरा अजून त्या धक्क्याला सरावलेल्या नाहीत.

खुराकाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण धावणे वाढले की मुले जेवण कमी करतात आणि कमावलेले स्नायू तेव्हाच गळतात. दिवसाला किलोमागे 1.6 ग्रॅम प्रथिने पुरेशी आहेत, म्हणजे तुम्हाला सुमारे 115 ग्रॅम. अर्धा लिटर दूध, चार अंडी, 100 ग्रॅम कच्च्या डाळीचे वरण किंवा कडधान्याची उसळ, 50 ग्रॅम सोयाबीन वडी आणि मूठ-दीड मूठ शेंगदाणे एवढ्यातून 100 ग्रॅमच्या जवळपास मिळतात. उरलेली भाकरी आणि पोळी भरून काढते. महागड्या डब्याची गरज नाही. भात आणि भाकरी मात्र तोडू नका. वेगाने धावण्याचे इंधन तेच आहे.

शेवटी, कळकळीने सांगतो. भरतीच्या तोंडावर ‘एक इंजेक्शन घे, दम लागणार नाही’ असे सांगणारे लोक मैदानाच्या आसपास भेटतात. अशा औषधांनी, उन्हात, जीव तोडून धावताना हृदयाची लय बिघडू शकते. वर्दीपेक्षा जीव मोठा आहे. त्या माणसाकडे पाठ फिरवा.

प्रश्न: वय 38, संगणक क्षेत्रात नोकरी. सहा वर्षे नियमित वजने उचलतो. स्क्वॉट 120 किलोपर्यंत गेला आहे. मागच्या रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढताना पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच थांबावे लागले आणि साठी उलटलेले गृहस्थ बोलत बोलत पुढे निघून गेले. प्रशिक्षक सांगतात की कार्डिओने, म्हणजे धावणे-सायकल अशा दमसासाच्या व्यायामाने, स्नायू जळतात, म्हणून मी तो कधी केला नाही. वडिलांची 51 व्या वर्षी बायपास झाली आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर: तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य माझ्या दृष्टीने पहिले आहे. वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत हृदयविकार झाला असेल तर वैद्यकशास्त्रात तो जोखमीचा कौटुंबिक इतिहास धरला जातो. त्यामुळे दमसासाचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, ईसीजी काढा आणि ट्रेडमिलवरची तपासणी हवी का, हे त्यांना ठरवू द्या. चढताना छातीवर दाब आला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याला ‘स्टॅमिना कमी आहे’ असे नाव देऊ नका. तेथेच थांबा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तपासणी नीट आली असे धरून पुढे लिहितो. कार्डिओने स्नायू जळतात, या समजुतीला एक खरा उगम आहे. अमेरिकेतील रॉबर्ट हिक्सन हे संशोधक स्वतः वजने उचलणारे होते. आपले मार्गदर्शक जॉन होलोझी यांच्याबरोबर ते रोज धावू लागले आणि त्यांची ताकद घटू लागली. पुढे त्यांनी याचीच परीक्षा घेतली आणि ते निष्कर्ष 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. दहा आठवडे एका गटाने आठवड्यातून पाच दिवस पायांची वजने केली, दुसऱ्याने सहा दिवस सायकल आणि धावणे केले, तिसऱ्याने दोन्ही केले. तिसऱ्या गटाची ताकद सात आठवडे वाढली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उतरली. दमसास मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांत सारखाच वाढला.

आता ‘दोन्ही केले’ म्हणजे किती, ते मोजा: आठवड्यातून अकरा सत्रे, आणि तीही कसून. नोकरी सांभाळणारा माणूस याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. नंतरच्या अनेक अभ्यासांची बेरीज केल्यावर असे दिसते की बेताने केलेला दमसासाचा व्यायाम स्नायूंच्या वाढीला आणि कमाल ताकदीला अडवत नाही. थोडा फटका बसतो तो झटक्याच्या, स्फोटक ताकदीला, आणि तोही विशेषतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केले तर. तुमच्या प्रशिक्षकांनी ऐकलेली गोष्ट खोटी नव्हती; ती अतिरेकाची होती, आणि तुम्हाला तिची सहा वर्षे किंमत मोजावी लागली.

120 किलोचा स्क्वॉट करणाऱ्याला गड का चढवत नाही? तुमचा एक सेट 30-40 सेकंदांत संपतो आणि मग तुम्ही तीन मिनिटे बसता. त्या काळात हृदय वाढलेल्या दाबाविरुद्ध जोर लावते, पण मिनिटामागून मिनिट भरपूर रक्त खेळवत राहण्याची सवय त्याला लागत नाही. दीर्घ आणि सलग व्यायामाने हृदयाचा डावा कप्पा अधिक भरतो, एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर पडते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींमधील, प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. बोलत बोलत पुढे गेलेले ते गृहस्थ बहुधा कित्येक वर्षे रविवारमागून रविवार तो गड चढत असतील. त्यांच्या मांड्या तुमच्याहून बारीक असतील, पण त्या मांड्यांना रक्त पोहोचवणारी व्यवस्था तुमच्याहून पक्की आहे.

सुरुवात आठवड्यातून तीनदा 40 मिनिटांनी करा. सायकल किंवा ट्रेडमिलवर चढ लावून चालणे तुमच्या वजनाला अधिक सोयीचे आहे; सायकलने पायांच्या वजनांवर धावण्यापेक्षा कमी परिणाम होतो. वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. हे तुम्हाला फार सोपे वाटेल आणि वेग वाढवावासा वाटेल. दोन महिने वाढवू नका. त्यानंतर, डॉक्टरांची हरकत नसेल तर, तीनपैकी एका दिवशी चार मिनिटे जोरात आणि तीन मिनिटे सावकाश, असे चार वेळा करा. त्या चार मिनिटांच्या शेवटी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. शक्य असल्यास वजने सकाळी आणि हा व्यायाम संध्याकाळी करा. मध्ये सहा तास मिळाले तर उत्तम. एकाच वेळी करावे लागले तर आधी वजने. जड स्क्वॉटच्या आदल्या दिवशी मात्र जोराचे सत्र ठेवू नका.

प्रगती पाहायला घड्याळ विकत घेण्याची गरज नाही. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी अंगठ्याच्या खाली, मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि वहीत लिहा. दोन-तीन महिन्यांत आकडा हळूहळू उतरू लागेल. एरवीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त, असे सलग दोन-तीन दिवस आले तर झोप अपुरी आहे, ताप येतो आहे किंवा व्यायाम जास्त झाला आहे, असे समजून हात आखडता घ्या.

कामाचा भार वाढला की काय करायचे, असेही तुम्ही विचाराल. हिक्सन यांच्याच पुढच्या प्रयोगात दमसासाचे सत्र आठवड्यातून सहावरून दोनवर आणले, पण जोर तेवढाच ठेवला. कमावलेली क्षमता पुढचे पंधरा आठवडे टिकून राहिली. वजनांचेही तसेच आहे. वजन तेवढेच ठेवून सेट एक-तृतीयांशावर आणले तरी स्नायू महिनोन्‌महिने टिकतात. तेव्हा धावपळीच्या दिवसांत सत्रे कमी करा, जोर कमी करू नका.

प्रश्न: मी 19 वर्षांचा कबड्डीपटू, कोपरारक्षक आहे. वजन 68 किलो. प्रशिक्षक म्हणतात, या हंगामात आठ किलो वाढव, नाहीतर मोठ्या अंगाचा चढाईपटू पकडीतून सुटतो. वजन वाढले तर पाय मंदावतील आणि उत्तरार्धात दम टिकणार नाही, अशी भीती वाटते. (एक वाचक, सांगली)

उत्तर: प्रशिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे, मुदत चुकीची आहे. वजन आठवड्याला पाव ते अर्धा टक्का, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे 170 ते 340 ग्रॅम, इतक्याच वेगाने वाढले तर त्यातला मोठा वाटा स्नायूंचा असतो. महिन्याला एक किलो धरा. आठ किलोंना त्या हिशेबाने आठ महिने लागतात. तीन महिन्यांत वाढवलेले आठ किलो निम्मे चरबीचे निघतील आणि चरबी कोणाचा घोटा धरून ठेवत नाही. त्यामुळे या हंगामात दोन-तीन किलोंवर समाधान माना, आणि मातीची मैदाने पावसाने बंद होतात त्या महिन्यांत उरलेले वाढवा.

दमाची भीती रास्त आहे, पण कबड्डीचा दम 1600 मीटरच्या दमापेक्षा वेगळा आहे. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत तीस सेकंदांच्या चढाया होतात, आणि त्यात कोपरारक्षकाचा खरा जोर दोन-चार सेकंदांचा असतो. त्या झटक्याला स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हे तयार इंधन वापरले जाते, दहाएक सेकंदांत ते संपत येते, आणि पुढच्या चढाईपर्यंत ते पुन्हा भरण्याचे काम प्राणवायूवर चालणारी यंत्रणा करते. म्हणून उत्तरार्धात पकड ढिली पडते तेव्हा दोष दंडांचा नसतो, भरणा मागे पडलेला असतो. याला दोन प्रकारचा सराव लागतो. आठवड्यातून दोनदा अर्धा तास सावकाश धावणे, आणि दोनदा पाच सेकंदांचा पूर्ण जोराचा झटका व 25 सेकंद विश्रांती, असे दहा वेळा. असे दोन फेरे, मध्ये चार मिनिटे थांबून. झटका सरळ धावण्याचा नको: खाली बसून, बाजूला सरकून, घोट्यावर झेप घेण्याचा हवा.

आपल्या भागातील तालमींनी हे फार पूर्वी ओळखले होते. कुस्तीच्या मातीचा हौदा फावड्याने उकरणे, दोर चढणे, बैठका आणि लढती हे सारे एकाच पैलवानाच्या दिवसात बसत असे. आकार आणि दम यांची वेगळी खाती कोणी मांडत नव्हते. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 1952 साली कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, अशाच मातीतले. बैठका तुम्हीही सोडू नका, मात्र ताकदीसाठी खांद्यावर वजन घेतलेले जड स्क्वॉट आठवड्यातून दोनदा हवेतच. शेकडो बैठकांनी दम वाढतो, पकडीची ताकद एका मर्यादेनंतर वाढत नाही.

वजन वाढवत असताना दर पंधरा दिवसांनी, ताज्या पायांनी, दहा मीटरची वेळ मोजा. वजन वाढूनही ती वेळ तशीच राहिली, तर वाढ योग्य जागी होते आहे. सलग दोनदा ती वाढलेली दिसली, तर महिनाभर वजन आहे तेथेच थांबवा आणि वहीतले आकडे प्रशिक्षकांसमोर ठेवा. वस्तादांशी वाद घालण्यापेक्षा आकडा दाखवणे सोपे जाते.

प्रश्न: वय 47. रोज पहाटे सहा किलोमीटर चालते. डॉक्टरांनी वजने उचलायला सांगितली आहेत. अंग पुरुषी होईल का? आणि चालणे बंद करावे लागेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक पुरुषांच्या तुलनेत कितीतरी कमी असते. भरतीची तयारी करणारे आणि खेळाडू वर्षानुवर्षे झगडून जे स्नायू कमावतात, ते आठवड्यातून दोन दिवसांच्या वजनांनी नकळत येत नाहीत. डॉक्टरांनी हे सांगितले त्याचे कारण वेगळे आहे. रजोनिवृत्तीच्या आसपास हाडांची घनता वेगाने उतरते आणि स्नायूही झिजू लागतात. चालण्याने हृदयाची काळजी घेतली जाते, पण पाठ, खांदे आणि मनगटे यांना त्याचा विशेष उपयोग होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. पहिला भाग तुम्ही केव्हाच पूर्ण केला आहे.

चालणे चार दिवसांवर आणा आणि मोकळ्या झालेल्या तीन दिवसांपैकी दोन वजनांना द्या. घरातील खुर्चीवर बसून हात न टेकता उठणे, भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून जोर काढणे, दोन्ही हातांत पाच-पाच लिटर पाण्याचे डबे घेऊन पाठ ताठ ठेवून अंगणात चालणे आणि एक डबा कमरेपर्यंत ओढणे, एवढ्याने सुरुवात होते. शेवटची दोन आवर्तने कष्टाची वाटली पाहिजेत. वीस वेळा सहज जमू लागले की वजन वाढवा. उचलताना श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे आवर्जून पाळा, आणि पहिले दोन आठवडे व्यायामानंतर एकदम उठून उभ्या राहू नका.